‘फॉरेस्ट’ म्हणजे नेमके काय?

अक्राणी, अक्कलकुवा किंवा नवापूर तालुक्यातील एखाद्या पाड्यावर ‘काल फॉरेस्ट आले होते’ असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला त्यात काही चमत्कारिक वाटत नाही. झाडे चालत पाड्यावर आली नव्हती. खात्याचा गार्ड येऊन गेला होता, एवढाच त्याचा अर्थ. ‘बैल फॉरेस्टने नेले’ म्हणजे ते जप्त झाले. ‘शेत फॉरेस्टमध्ये आहे’ म्हणजे त्या शेताच्या आसपास शंभर पावलांत एक झाड नसले, तरी सरकारदप्तरी त्या जमिनीपुढे वनखात्याचे नाव आहे. ‘पोरगा फॉरेस्टात लागला’ म्हणजे त्याला नोकरी मिळाली. उलट सरपण आणायला, मोह वेचायला, चारोळी गोळा करायला माणसे जातात ती जंगलात किंवा डोंगरावर. त्या कामासाठी ‘फॉरेस्ट’ हा शब्द सहसा योजला जात नाही.

शहादा-नंदुरबारच्या महाविद्यालयांत इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा वापर अडाणीपणाचा वाटतो. त्याच्या शब्दकोशात ‘फॉरेस्ट’चा अर्थ ‘झाडाझुडपांनी व्यापलेला विस्तीर्ण प्रदेश’ असा दिलेला असतो. पाड्यावरच्या माणसाने परका शब्द ऐकला आणि अर्थाचा घोटाळा करून वापरला, असे त्याचे अनुमान होते. वस्तुस्थिती मात्र याच्या नेमकी उलट आहे. सातपुड्यातील निरक्षर माणूस हा शब्द ज्या अर्थाने वापरतो तोच त्याचा मूळ अर्थ होय. झाडांचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. आणि ही केवळ भाषाशास्त्रातील गंमत नाही. गेली जवळजवळ तीन दशके या देशातील लक्षावधी हेक्टर जमिनीचे भवितव्य या एका शब्दाच्या अर्थावर तोलले जात आहे.

न्यायालयाने उघडलेला कोश

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन थिरुमुलपाद विरुद्ध भारत सरकार या खटल्यात एक दूरगामी आदेश दिला. वनसंरक्षणाच्या १९८० च्या कायद्यात ‘वन’ शब्दाची व्याख्या नव्हती. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातही ती नाही. त्या कायद्यात वन-अधिकारी कोण, वन-अपराध कोणता, वनोपज कशाला म्हणावे, इतकेच काय पण झाड कशाला म्हणावे, हेही सांगितले आहे. त्या व्याख्येप्रमाणे वेळू हेदेखील झाड होते आणि तोडलेल्या झाडाचे खोडही झाड होते. खुद्द वन म्हणजे काय, एवढेच सांगायचे राहिले! साहजिकच न्यायालयाने शब्दकोशाचा आधार घेतला. कोशातील अर्थाने जे वन ठरेल ते वन, आणि त्याशिवाय सरकारी नोंदीत जी जमीन वन म्हणून दाखल आहे तीही वन, मग तिची मालकी कोणाचीही असो, असा निर्णय झाला.

या आदेशामुळे अनेक ठिकाणची बेसुमार तोड थांबली, हे मान्य केले पाहिजे. ज्या वनांची अधिसूचना कधी निघालीच नव्हती त्यांनाही संरक्षण मिळाले. परंतु सातपुड्याच्या उतारावर नांगर धरणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहिले, तर या व्याख्येचा एक विलक्षण गुण दिसतो. ती एकाच दिशेने चालते. जिथे झाड आहे तिथे कोश लागू होतो. जिथे झाड नाही तिथे दप्तर लागू होते. जमिनीवर वृक्ष असतील आणि नोंद नसेल तर ती वन ठरते. नोंद असेल आणि वृक्ष नसतील तरीही ती वनच राहते. वनातून बाहेर पडण्याची वाट ना कोशात आहे ना दप्तरात.

पुढे २०२३ साली संसदेने १९८० च्या कायद्यात दुरुस्ती केली. कायद्याचे नाव बदलून ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ असे झाले. अधिसूचित वने आणि २५ ऑक्टोबर १९८० रोजी वा त्यानंतर सरकारी नोंदीत वन म्हणून दाखल असलेल्या जमिनी यांच्यापुरती कायद्याची व्याप्ती आखण्यात आली. म्हणजे कोश मिटला आणि दप्तर तेवढे राहिले. या दुरुस्तीला आव्हान दिले गेले, आणि १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन राज्यांच्या याद्या पूर्ण होईपर्यंत १९९६ चा कोशगत अर्थच पाळावा, असे सांगितले. दोन्ही बाजूंचे विद्वान वकील आणि पर्यावरणाचे अभ्यासक कोणती जमीन वन आहे यावर हिरिरीने वाद घालत राहिले. वन कोणाचे, हा प्रश्न त्या वादात सहसा आला नाही. तो प्रश्न मात्र या शब्दाच्या जन्मापासून त्याच्या पोटात आहे.

दाराबाहेरची जमीन

इंग्रजी ‘फॉरेस्ट’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला आणि फ्रेंचमध्ये तो मध्ययुगीन लॅटिनमधून आला. सातव्या शतकातील फ्रँक राजांच्या दानपत्रांत तो आढळतो. त्याची व्युत्पत्ती काही अभ्यासक न्यायसभावाचक ‘फोरम’ या शब्दापासून लावतात. बहुतेकांच्या मते मात्र तो ‘फोरिस’ म्हणजे ‘बाहेर’ या लॅटिन शब्दापासून निघाला. कशाच्या बाहेर? तर सर्वसामान्य वहिवाटीच्या बाहेर, कुंपणापलीकडे. राजाने स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवलेली आणि इतरांना बंद केलेली जमीन म्हणजे फॉरेस्ट. त्याच ‘बाहेर’ या मुळापासून परकीय या अर्थाचा ‘फॉरेन’ हा शब्द निघाला, आणि हक्क गमावणे या अर्थाचा ‘फॉरफीट’ हा शब्दही. फॉरेस्ट, फॉरेन आणि फॉरफीट ही तीन भावंडे आहेत, हे लक्षात घेतले की सातपुड्याचा दीडशे वर्षांचा इतिहास तीन शब्दांत सांगून झाल्यासारखा वाटतो.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि आपल्याबरोबर हा शब्द व ही व्यवस्था तेथे नेली. तेथील फॉरेस्ट ही वनस्पतिशास्त्राची संज्ञा नव्हती, कायद्याची होती. राजाने ज्या मुलखाला वनकायदा लागू केला तो फॉरेस्ट. त्यात झाडी असे, माळराने असत, शेते असत, नांदती गावेही असत. डार्टमूर आणि एक्समूर ही उघडी माळराने फॉरेस्ट म्हणून गणली जात. तेथे राहणाऱ्याला हरीण मारता येत नसे, राजाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून नवे शेत फोडता येत नसे, कुंपण घालता येत नसे. अपराधांसाठी वेगळी न्यायालये होती. आज झाडे लावण्याला ‘अफॉरेस्टेशन’ म्हणतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ एखादा मुलूख वनकायद्याखाली ओढणे असा होता. त्यासाठी एकही रोप लावावे लागत नसे. राजाचा हुकूम पुरे होई.

याविरुद्ध तेथील प्रजेत असंतोष वाढला आणि १२१७ साली तिसऱ्या हेन्रीच्या नावाने ‘वनसनद’ काढावी लागली. मॅग्ना कार्टाचे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु त्या सनदेला ‘मॅग्ना’ म्हणजे ‘थोरली’ हे विशेषण या धाकट्या वनसनदेपासून ती वेगळी ओळखता यावी म्हणून लागले, हे फारसे सांगितले जात नाही. थोरली सनद मुख्यतः सरदारांच्या उपयोगाची होती. धाकटीने गुरे चारण्याचे आणि आपल्या जमिनीच्या वहिवाटीचे हक्क परत दिले, वाढवलेल्या हद्दी मागे घेण्याचे वचन दिले, आणि हरणासाठी कोणाचा जीव वा अवयव घेतला जाणार नाही असे जाहीर केले. कालांतराने तेथे वनकायद्याची धार बोथट झाली आणि शब्दात झाडांचा अर्थ तेवढा उरला. वनसनद कायद्याच्या पुस्तकातून औपचारिकरीत्या निघाली ती १९७१ मध्ये.

आपले शब्द

आपल्या भाषेतील शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. ‘जंगल’ हा शब्द संस्कृत ‘जांगल’पासून आला. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडीचा प्रदेश. दलदलीच्या आनूप देशाच्या तो विरुद्ध. तोच शब्द इंग्रजांनी येथून उचलला आणि ‘घनदाट, वाट न सापडणारी झाडी’ या अर्थाने जगभर पोहोचवला. म्हणजे त्यांनी आपला मोकळ्या रानाचा शब्द नेऊन त्याला दाट झाडी लावली, आणि त्या बदल्यात आपल्याला कुंपणाचा शब्द दिला!

‘अरण्य’ या शब्दाचे मूळही अभ्यासक ‘अरण’ म्हणजे दूरचा, परका या शब्दात शोधतात. गावात बसून बाहेर पाहणाऱ्या माणसाला झाडी परकी वाटावी हे येथेही घडले होते. पण मराठीने त्या शब्दाचे काय केले पाहा. अरण्याचे ‘रान’ झाले, आणि देशावरचा शेतकरी ‘रानात गेलो होतो’ म्हणतो तेव्हा तो आपल्या शेतात गेलेला असतो. रानात बाभळ असते, ज्वारी असते, गुरे असतात, विहीर असते. कसलेली जमीन आणि न कसलेली जमीन यांच्यामध्ये या शब्दाने भिंत घातली नाही. परकेपणाचा शब्द लोकांच्या वहिवाटीने घरचा झाला. शब्दाचा अर्थ कायमचा ठरलेला नसतो. कोण काय वापरतो आणि कोणाला काय वापरू दिले जाते, यावर तो बदलतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी शब्द आला कसा

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. डोंगरातील भिल्ल सहजासहजी शरण आले नाहीत. म्हणून १८२५ मध्ये जेम्स आउट्रमच्या नेतृत्वाखाली भिल्लांचीच पलटण उभारण्यात आली. सातपुड्याच्या पश्चिम टोकाला काठीसारखी छोटी मेवासी संस्थाने होती. सत्तेला सहजी न जुमानणाऱ्या मुलखाला जुन्या काळी ‘मेवास’ म्हणत. तळोद्याच्या वनविभागाला आजही ‘मेवासी वनविभाग’ असे नाव आहे. सत्तेबाहेरच्या मुलखाचे नाव सत्तेच्या खात्याच्या पाटीवर जावे, यापेक्षा अधिक बोलका पुरावा शोधूनही मिळणार नाही.

रेल्वेला स्लीपर हवे होते, जहाजांना साग हवा होता. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले आणि डिट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचा पहिला महानिरीक्षक झाला. १८६५, १८७८ आणि १९२७ असे कायदे येत गेले. १९२७ च्या कायद्याचे तिसरे कलम वाचण्यासारखे आहे. सरकारच्या मालकीची वनजमीन किंवा पडीक जमीन राखीव वन म्हणून घोषित करता येते, असे ते म्हणते. म्हणजे पडीक जमिनीवर एकही झाड नसले तरी तिचे वन होऊ शकते. नॉर्मन राजांचा अर्थ कायद्याच्या भाषेत असा सुखरूप आपल्याकडे पोहोचला. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, डोंगर-दऱ्या आणि गायराने गिळंकृत करून गरिबांच्या शेरडाकरडांना चरायला जागा न ठेवणाऱ्या जंगलखात्यावर कोरडे ओढले ते १८८० च्या दशकात. १९३० साली महाराष्ट्रात ठिकठिकाणी वनकायदा मोडला गेला. त्या चळवळीला लोकांनी नाव दिले ते ‘जंगल सत्याग्रह’. फॉरेस्टचा कायदा मोडायचा होता आणि जंगल परत मिळवायचे होते. दोन शब्दांतील फरक सत्याग्रहींना ठाऊक होता.

स्वातंत्र्यानंतर खाते राहिले, कायदा राहिला आणि हद्दीही राहिल्या. अक्राणी-अक्कलकुव्यातील कित्येक गावे दीर्घकाळ ‘वनग्राम’ म्हणून राहिली. माणसे नांदत होती, पण गाव दप्तरी फॉरेस्टात होते. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. सावकाराने आणि बागायतदाराने बळकावलेल्या जमिनींबरोबर वनजमिनीचा प्रश्नही ऐरणीवर आला.

ही हद्द निसर्गाने आखलेली नाही, हेही याच जिल्ह्याने पाहिले आहे. सरदार सरोवराच्या जलाशयात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे बाधित ठरली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९० मध्ये तळोद्याजवळची सुमारे २,७०० हेक्टर वनजमीन मोकळी करण्यात आली. विस्थापितांना जमीन मिळणे न्याय्यच होते. परंतु जी हद्द शेजारच्या पाड्यावरील माणसाला पिढ्यान्‌पिढ्या अढळ म्हणून सांगितली गेली, ती सरकारला गरज पडताच एका आदेशाने हलू शकते, हेही त्यातून सर्वांना दिसले.

पावतीची किंमत

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मालकीची अनिश्चितता हा उत्पादनावरील सर्वांत जाचक कर होय. ज्या जमिनीवर नाव नाही तिच्यावर बँक कर्ज देत नाही, विहिरीची योजना मंजूर होत नाही. बांध घालावा, आंबा लावावा, तर फळ धरेपर्यंत जमीन आपल्या हाती राहील याची शाश्वती नाही. याहून विपरीत गोष्ट अशी की, ताबा सिद्ध करायचा तर जमीन कसलेली दिसली पाहिजे, आणि कसलेली दिसायची तर तिच्यावर झाड नसलेले बरे. शेतात सागाचे रोप आपोआप उगवले तर ते वाढू देण्यात कसणाऱ्याचे नुकसान होते. वनाचे रक्षण करण्यासाठी केलेल्या कायद्याने झाडालाच कसणाऱ्याचा शत्रू करून ठेवले.

२००६ च्या वनहक्क मान्यता कायद्याने या कोंडीला हात घातला. या कायद्याच्या उद्देशिकेतच ‘ऐतिहासिक अन्याय’ हे शब्द आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला ४ हेक्टरच्या मर्यादेत, पती-पत्नी दोघांच्या नावे, वारसाहक्काने चालणारा परंतु विकता न येणारा हक्क मिळण्याची तरतूद झाली. दाव्याची छाननी प्रथम ग्रामसभेने करावयाची, मग उपविभागीय समितीने आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीने. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हुसकावता येत नाही.

पुराव्याच्या प्रश्नात मात्र एक कटू विनोद दडलेला आहे. अतिक्रमणाबद्दल ज्यांच्याकडून दंड वसूल झाला आणि ज्यांनी ती पावती मडक्यात, पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली, त्यांच्याजवळ ताब्याचा सज्जड कागद निघाला. ज्यांच्याकडून पावतीवाचून पैसा, कोंबडी किंवा तुपाचे भांडे गेले, त्यांचे हात मोकळे राहिले. खात्याने ज्याला गुन्हेगार म्हणून नोंदवले तो हक्कदार ठरला, आणि ज्याची नोंदच केली नाही तो उपरा. वयोवृद्ध शेजाऱ्यांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून चालते आणि वरिष्ठ समित्यांनी एकाच प्रकारच्या कागदाचा हट्ट धरू नये, असे नियम स्पष्ट सांगतात. तरीही कागदाच्या संस्कारात वाढलेल्या कचेरीला म्हाताऱ्याचे बोलणे हा पुरावा वाटणे कठीण जाते.

१३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्या कुटुंबांना हटवण्याचा आदेश दिला, आणि देशभर खळबळ उडाल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. त्या पंधरवड्यात ‘फॉरेन’, ‘फॉरेस्ट’ आणि ‘फॉरफीट’ या तीन शब्दांचे नाते पाड्यापाड्यावर कोशावाचून समजले. महाराष्ट्रात १८ मे २०२० रोजी राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय स्तरावर दाद मागण्याची सोय केली. ती स्वागतार्ह होती. पण अक्राणीच्या दरीतील माणसाला विभागीय ठिकाण म्हणजे नाशिक, हे विसरून चालणार नाही.

आक्षेप आणि उत्तर

या साऱ्यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, आणि त्याला उडवून लावणे बरोबर नाही. सातपुड्याचे उतार उघडे पडले आहेत. हक्क मिळतील या आशेने २००५ नंतरही झाडे तुटली असतील. माती वाहून जाते, झरे आटतात, आणि त्याचा पहिला फटका डोंगरातल्याच माणसाला बसतो. सर्वांना जमीन वाटून दिली तर वन उरणार कोठे, असे विचारणारा प्रत्येक जण आदिवासींचा वैरी नसतो.

याचे उत्तर असे की, मालक सरकार किंवा मालक एकेकटा शेतकरी, एवढे दोनच पर्याय मानणे ही चूक आहे. सामाईक मालमत्तेचा नाश अटळ असतो, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले आणि ते जगभर प्रमाण मानले गेले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगातील कुरणे, वने आणि पाटबंधारे यांचा अभ्यास करून दाखवले की, नाश होतो तो कोणाचीच नसलेल्या, कोणीही यावे आणि न्यावे अशा मालमत्तेचा. ज्यांचा हक्क ठरलेला आहे, ज्यांनी नियम स्वतः केले आहेत आणि मोडणाऱ्याला जाब विचारण्याचा ज्यांना अधिकार आहे, अशा समूहाच्या हाती सामाईक मालमत्ता शतकानुशतके टिकते. या कामासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सरकारने लोकांचा हक्क काढून घेतला आणि स्वतः पुरता पहारा करू शकले नाही, तेव्हा वन राखीव राहिले नाही. ते कोणाचेच राहिले नाही.

याची साक्ष दूर शोधावी लागत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने १९९० च्या दशकापासून स्वतः नियम करून शेकडो हेक्टर वन राखले आणि वाढवले. त्या कामातील अग्रणी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. २००६ च्या कायद्याचे खरे बळ वैयक्तिक प्लॉटपेक्षा या सामूहिक हक्कात आहे. मोह, तेंदूपान, चारोळी, धडगावचे आमचूर यांचे अर्थकारण चार हेक्टरांच्या तुकड्यावर उभे राहत नाही. ते डोंगरावर उभे राहते.

नंदुरबार जिल्ह्यात चर्चा मात्र प्लॉटभोवती फिरत राहते. प्लॉट दिसतो, मोजता येतो, त्याचा कागद घरात ठेवता येतो. सामूहिक दाव्यासाठी गावाची पारंपरिक सीमा लिहावी लागते, शेजारच्या गावाशी बसून बोलावे लागते, नकाशा करावा लागतो आणि पुढे वनाची व्यवस्था सांभाळावी लागते. या साऱ्या कामात लिहिता-वाचता येणारा माणूस लागतो. ग्रामसभेचे इतिवृत्त कोण लिहितो? दाव्याचा अर्ज कोण भरतो? वृद्धाचे निवेदन शब्दांत कोण उतरवतो? गावातील शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी कचेरीतील कारकून, सुटीत घरी आलेला विद्यार्थी. मिळालेला हक्क महसूल आणि वन या दोन्ही दप्तरांत तीन महिन्यांच्या आत नोंदवावा, असा २०१२ चा नियम आहे. तो पाळला जातो की नाही हे कोणा मंत्र्याच्या भाषणावरून ठरत नसते, कारकुनाच्या टेबलावरच्या फायलीवरून ठरत असते. दावा ‘अतिक्रमण’ म्हणून लिहायचा की ‘वहिवाट’ म्हणून, हा त्याच्या लेखणीपुढचा प्रश्न दिसतो किरकोळ, पण एका कुटुंबाचे सारे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

दिल्लीतील वारे मात्र उलट दिशेला वाहताना दिसतात. वनजमीन प्रकल्पासाठी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, असे केंद्राच्या २००९ च्या परिपत्रकाने सांगितले होते. २०२२ च्या नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याने पाहावी, अशी व्यवस्था केली. दुसरीकडे, तोडलेल्या वनाची भरपाई म्हणून झाडे लावण्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र निधीचा कायदा झाला. ही लागवड कोठे करायची, याचे उत्तर जर ‘दाव्याखालील मोकळी जमीन’ असे येऊ लागले, तर ‘अफॉरेस्टेशन’ या शब्दाचा आठशे वर्षांपूर्वीचा अर्थ पुन्हा जिवंत झाला, असेच म्हणावे लागेल.

अर्थ कोण ठरवणार?

वन म्हणजे काय, हे शब्दकोशाने ठरवावे की सरकारी यादीने, हा न्यायालयातील वाद महत्त्वाचा असला तरी अपुरा आहे. कोश झाडे मोजतो आणि यादी सर्व्हे नंबर मोजते. त्या हद्दीत राहणारी माणसे दोन्हींत नाहीत. २००६ च्या कायद्याने प्रथमच वनाच्या अर्थात माणूस घातला. तो कायदा म्हणजे या देशाची वनसनद आहे. फरक इतकाच की इंग्लंडला ती १२१७ साली मिळाली.

लॅटिनमधील ‘फोरिस’ या शब्दाचा आणखी एक नातेवाईक आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे मूळ संस्कृत ‘द्वार’ या शब्दाच्या मुळाशी जोडतात. म्हणजे फॉरेस्ट आणि आपले साधे ‘दार’ हे दोन शब्द एकाच प्राचीन मुळाच्या दोन फांद्या आहेत. दाराच्या बाहेर जे राहिले ते फॉरेस्ट, एवढाच त्याचा अर्थ होता. दार कोणी लावले, हे इतिहासाने सांगितले आहे. ते उघडण्याचा कायदाही २००६ पासून पुस्तकात आहे. ‘अरण्या’चे ‘रान’ करायला मराठी माणसाला शतके लागली असतील. ‘फॉरेस्ट’चे रान व्हायला तेवढा वेळ घालवणे मात्र ना डोंगराला परवडेल, ना त्यावर राहणाऱ्या माणसाला.